चौथा हिस्सा कोठें गेला?

सह्याद्रीच्या पायथ्याचे ओहोळ पोटांत घेऊन पांझरा नदी जेथें वाहूं लागते, त्या पश्चिम खानदेशच्या कोपऱ्यांत पिंपळनेर हें जुनें गांव वसलें आहे. एके काळीं सारा तालुका ह्याच गांवाच्या नांवानें ओळखला जाई. पुढें तालुक्याचें ठाणें साक्रीस गेलें. दक्षिणेस बागलाण, पश्चिमेस डांगचें रान, आणि भोंवतालच्या पाड्यांतून भिल्ल, कोकणी व मावची लोकांची वस्ती. बाजारपेठेंत अहिराणी कानीं पडते. डोंगराकडे चार कोस गेलें कीं बोली बदलते. १८८० सालीं सरकारनें खानदेशचें गॅझेटियर प्रसिद्ध केलें, त्यांत ह्या पश्चिमेकडील जंगलपट्टीची हवा तापाची म्हणून नोंदलेली आहे. पावसाळा सरला कीं हिवताप बळावे, आणि बाहेरून आलेल्या माणसास तेथील वास्तव्य मानवत नसे.

ह्या तापाचा आणि असल्या रानांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या लोकांच्या रक्ताचा एक विलक्षण संबंध आहे. तो उलगडण्याची गुरुकिल्ली मात्र खानदेशांत सांपडली नाहीं. ती सांपडली फ्रान्स देशांतील नान्सी शहरीं, उंदरांच्या पिंजऱ्यांत. तेव्हां आधीं उंदरांची हकीकत पाहून मग पांझरेच्या कांठीं परत येणें इष्ट होईल.

१८६५ सालीं ऑस्ट्रियाच्या साम्राज्यांतील ब्र्युन शहरीं ग्रेगोर मेंडेल ह्या मठवासी साधूनें वाटाण्याच्या झाडांवर केलेल्या आपल्या प्रयोगांचा वृत्तांत विद्वानांच्या सभेपुढें वाचला. गुळगुळीत दाण्यांची जात व सुरकुतलेल्या दाण्यांची जात ह्यांचा त्यानें संकर केला होता. पहिल्या पिढींत सर्व दाणे गुळगुळीतच निघाले. दुसऱ्या पिढींत मात्र ७३२४ दाण्यांपैकीं ५४७४ गुळगुळीत व १८५० सुरकुतलेले भरले. म्हणजे जवळजवळ तीनास एक हें प्रमाण. मेंडेलनें ह्याचा अर्थ असा लावला कीं, प्रत्येक गुणाचीं दोन बीजें सजीवाच्या अंगीं असतात. एक बापाकडून येतें, एक आईकडून. ह्या बीजास आतां जनुक म्हणतात. दोन मिश्र मातापितरांचीं चार अपत्यें घेतलीं, तर सरासरीनें एकास पहिल्या प्रकारचीं दोन्ही जनुकें मिळतात, दोघांस दोन्ही प्रकारचें एकेक, आणि एकास दुसऱ्या प्रकारचीं दोन्ही. पहिल्या प्रकारचें जनुक जोरदार असलें कीं तीन अपत्यें सारखीं दिसतात व चौथें निराळें दिसतें. मेंडेलच्या हयातींत ह्या शोधाची कोणीं फारशी दखल घेतली नाहीं. १९०० सालीं तीन शास्त्रज्ञांना तो पुन्हां सांपडला, आणि मग कोंबड्या, ससे, उंदीर, फुलझाडें ह्यांच्या पैदाशींत जो तो तीनास एक मोजूं लागला.

हाच नियम उंदरांच्या रंगास लागू पडतो, हें नान्सी येथील प्राध्यापक ल्यूसिआं क्यूएनो ह्यांनीं दाखविलें. परंतु पिवळ्या उंदरांनीं त्यांस कोड्यांत टाकलें. पिवळ्याशीं पिवळा मेळविला कीं बहुतेक पिल्लें पिवळीं होत, तशीं कांहीं इतर रंगांचींही होत. त्या अर्थीं पिवळ्या रंगाचें जनुक जोरदार खरें. मग तीन पिवळ्यांपैकीं एक तरी शुद्ध पिवळा असावयास पाहिजे, कीं ज्याच्या संततींत पिवळ्याखेरीज दुसरा रंग उमटणार नाहीं. क्यूएनोंनीं एकामागून एक पिवळे उंदीर पारखले. शुद्ध पिवळा एकही निघाला नाहीं. १९०५ सालीं त्यांनीं हें प्रसिद्ध केलें. पिवळें बीज पिवळ्या बीजाशीं मुळीं मिलनच पावत नसावें, असा तर्क त्यांनीं मांडला. तर्क चतुर होता, पण बरोबर नव्हता.

१९१० सालीं अमेरिकेंत कॅसल व लिटल ह्यांनीं हा हिशेब पुन्हां मांडला. पिवळ्या जोड्यांपासून झालेलीं १२३५ पिल्लें त्यांनीं मोजलीं. त्यांत ८०० पिवळीं होतीं आणि ४३५ इतर रंगांचीं. तीनास एक ह्या नियमानें सुमारें ९२६ पिवळीं व ३०९ इतर निघावयास हवीं होतीं. दोनास एक धरलें तर ८२३ व ४१२ येतात, आणि प्रत्यक्ष आकडे ह्यांच्याच जवळचे आहेत. पिवळें बीज पिवळ्यास नुसतें नाकारीत असतें, तर तें दुसऱ्या रंगाच्या बीजाशीं मिळालें असतें आणि एकंदर प्रमाण तीनास एकच राहिलें असतें. तें दोनास एक येतें, ह्याचा अर्थ एवढाच कीं, शुद्ध पिवळ्या पिल्लांचे गर्भ धरले जातात, पण तीं जन्मास येत नाहींत. कांहीं वर्षें आधीं जर्मनींत एर्विन बाउर ह्यांना अँटिऱ्हिनमच्या सोनेरी पानांच्या रोपांत असाच दोनास एक हिशेब आढळला होता. तेथील शुद्ध सोनेरी रोपें हरितद्रव्याच्या अभावीं कोंवळेपणींच मरत. १९१७ सालीं गाभण पिवळ्या माद्यांचीं गर्भाशयें तपासण्यांत आलीं, तेव्हां हरवलेल्या चौथ्या हिश्श्याचे मृत गर्भ तेथें दिसून आले.

ह्यावरून नियम निघाला तो असा. कांहीं जनुकें एकेरी असलीं म्हणजे प्राणी जगतो, कधीं कांहीं वेगळेपण घेऊन जगतो. तींच दुहेरी झालीं कीं प्राणी मरतो. अशा जनुकांस मारक जनुकें म्हणतात. मेंडेलचा नियम येथें मोडत नाहीं. गर्भ धरतांना एक, दोन, एक अशीच वांटणी होते. पण मोजणारा उशिरा येतो, आणि तोंपर्यंत एक वांटेकरी पंक्तींतून उठून गेलेला असतो. उरलेल्यांच्या प्रमाणावरून त्याची नोंद करावी लागते.

पशुपालकांना ह्याचा अनुभव फार पूर्वींपासून होता. कारण तेवढें ठाऊक नव्हतें. आयर्लंडच्या नैर्ऋत्य भागांतील डेक्स्टर ही बुटकी, दुभती गाय प्रसिद्ध आहे. आंखूड पायांची डेक्स्टर गाय तशाच वळूस दाखविली, तर सरासरीनें चार वासरांपैकीं दोन आंखूड पायांचीं होतात, एक उंच पायांचें होतें, आणि चौथें मोठ्या कपाळाचें, चपट्या तोंडाचें, मेलेलें पडतें. ज्या बुटकेपणाची धन्यास हौस, तोच दुहेरी झाला कीं मरण. सारा कळप आंखूड पायांचा व्हावा म्हणून जो आंखूड पायांचींच जनावरें जुळवीत राहील, त्याच्या गोठ्यांत हें मेलेलें वासरूं अधूनमधून येणारच.

दुसरें उदाहरण आपल्याकडील गवळ्याच्याही विचाराचें आहे. १९६२ सालीं अमेरिकेंत होल्स्टीन जातीचा चीफ नांवाचा वळू जन्मला. त्याच्या मुली भरपूर दूध देत, म्हणून त्याच्या रेताचा प्रसार इतका झाला कीं, त्या देशांतील होल्स्टीन गुरांच्या रक्ताचा सुमारें शेंकडा १४ भाग त्याच्याकडून आला आहे असें पुढें मोजण्यांत आलें. दुधाबरोबर एक मारक जनुकही पसरलें. तें दुहेरी झालें कीं गर्भ पोटांतच जातो. गाय उलटते किंवा गाभडते, आणि गवळी गाईलाच दोष देतो. हें जनुक उघडकीस आलें तें एखाद्या रोगी वासरावरून नव्हे. २०११ सालीं असंख्य गुरांच्या जनुकांच्या नोंदी ताडून पाहतांना असें दिसलें कीं, एका विशिष्ट ठिकाणीं जीं गुरें दुहेरी असावयास हवीं होतीं, तीं मुळींच नाहींत. त्या अभावावरूनच दोषाचा माग लागला. ह्या एका जनुकापायीं जगभर पांच लाखांवर गर्भ गेले असावेत, असा अंदाज २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रांत मणिभाई देसाई ह्यांनीं १९६७ सालीं उरुळीकांचन येथें स्थापन केलेल्या बायफ संस्थेसारख्या संस्थांनीं संकरित गाईंचा प्रसार केल्यापासून होल्स्टीनचें रक्त खेडोपाडीं आलें आहे. त्यामुळें रेत देणाऱ्या वळूंची आनुवंशिक दोषांसाठीं तपासणी करणें आतां आपल्या देशांतही आवश्यक मानलें जातें.

उंदरांत आणि गुरांत जें घडतें तें मनुष्यांतही घडतें. कॅसल व लिटल ह्यांचा निबंध ज्या १९१० सालीं निघाला, त्याच सालीं शिकागो येथील डॉ. जेम्स हेरिक ह्यांनीं ग्रेनाडा बेटांतून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्ताचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्या रक्तांतील कित्येक तांबडे कण वाटोळे नसून विळ्यासारखे वांकलेले होते. इंग्रजींत विळ्यास सिकल म्हणतात. म्हणून ह्या दुखण्यास सिकलसेल हें नांव पडलें. निरोगी तांबडा कण सुमारें १२० दिवस टिकतो, विळ्याच्या आकाराचा कण दहावीस दिवसांतच नाश पावतो. त्यामुळें रक्त कमी पडतें व डोळे पिवळे दिसतात. वांकडे कण बारीक रक्तवाहिन्यांत अडकले म्हणजे हाडें व सांधे असह्य दुखतात. लहान मुलांस तर साध्या जंतूंचा प्रादुर्भावही झेपत नाहीं.

१९४९ सालीं जेम्स नील ह्यांनीं अमेरिकेंत दाखवून दिलें कीं, ह्या रोगानें पीडित मुलाचे आईबाप दोघेही त्या जनुकाचे वाहक असतात. म्हणजे त्यांच्या अंगीं तें एकेरी असतें. त्याच वर्षीं लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी ह्यांनीं सिद्ध केलें कीं, दोष हिमोग्लोबिन ह्या रक्तद्रव्याच्या रेणूंतच आहे. १९५६-५७ सालीं केंब्रिज येथें व्हर्नन इंग्रॅम ह्यांना तो दोष नेमका सांपडला. हिमोग्लोबिनच्या एका साखळींतील सहाव्या जागीं एका अमिनो आम्लाऐवजीं दुसरें बसतें, एवढाच काय तो फरक. एका अक्षराच्या चुकीनें सारा अर्थ फिरावा, तसा हा प्रकार आहे.

आरंभीं हें दुखणें आफ्रिकी वंशाच्या लोकांपुरतेंच आहे असें वैद्यांस वाटे. १९५२ सालीं नीलगिरींतील आदिवासींच्या रक्तांत लेहमन व कटबुश ह्यांना तेंच जनुक आढळलें. १९५८ सालीं तें मध्य भारतांतही असल्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. भारतांत तें आफ्रिकेंतून आलेलें नसून स्वतंत्रपणें उत्पन्न झालें असावें, असें १९८६ सालच्या संशोधनानें दाखविलें. महाराष्ट्रांत पुण्याचे डॉ. सुदाम काटे ह्यांनीं आदिवासी वस्त्यांतून अनेक वर्षें ह्या रोगाचा शोध घेतला. त्यांस २०१९ सालीं पद्मश्री देण्यांत आली. त्यांनीं २००२ सालीं आपल्या सहकाऱ्यासह प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतांत, विदर्भ, सातपुडा व मराठवाड्याचा कांहीं भाग ह्यांत हें जनुक पसरलेलें असून भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा जमातींत वाहकांचें प्रमाण शेंकडा २० ते ३५ पर्यंत असल्याचें नमूद केलें आहे.

येथें सहजच शंका येते. जें जनुक दुहेरी होतांच जीव घेतें, तें इतक्या पिढ्या टिकलें कसें? थोडें गणित केलें म्हणजे शंका अधिकच वाढते. एखाद्या जमातींत शेंकडा २० लोक वाहक आहेत असें धरूं. म्हणजे पांचांत एक वाहक. नवराबायको दोघेही वाहक असण्याचा योग पंचवीस जोडप्यांत एकदां येणार. अशा जोडप्याच्या मुलांपैकीं सरासरीनें चौथा हिस्सा रोगी. म्हणजे शंभर जन्मांत एक मूल रोगी. तें एक मूल गेलें कीं त्याच्याबरोबर दोन मारक जनुकें जातात. शंभर मुलांत मिळून तशीं जनुकें असतात सुमारें वीस. म्हणजे दर पिढीस जवळजवळ दहावा हिस्सा गळतो. ही गळती भरून निघाली नाहीं, तर शेंदोनशें वर्षांत वाहकांचें प्रमाण पुष्कळच उतरावें.

ती गळती हिवतापानें भरून काढली. १९५४ सालीं ब्रिटिश शास्त्रज्ञ अँथनी ॲलिसन ह्यांनीं पूर्व आफ्रिकेंतील पाहणीवरून दाखविलें कीं, सिकलसेलचें जनुक एकेरी असलेल्या मुलांस जीवघेण्या हिवतापापासून पुष्कळ संरक्षण मिळतें. ज्या रानांत हिवताप लेंकरें नेई, तेथें हें जनुक मुळींच नसलेलीं मुलें अधिक दगावत, आणि दुहेरी असलेलीं मुलें दुसऱ्या कारणानें दगावत. मध्यें वाहक तेवढे तरत. गॅझेटियरांत तापाची म्हणून नोंदलेल्या हवेचा आणि अशा रानांतील लोकांच्या रक्ताचा संबंध आहे तो हा. आदिवासींच्या रक्तांत कांहीं उणेपणा आहे, असा ह्याचा अर्थ करणें अज्ञानाचें होईल. त्यांच्या पूर्वजांनीं हिवतापाशीं जी झुंज दिली, तिची ही किंमत आहे. १९५३ सालीं राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाल्यानंतर त्या तापाचा जोर पुष्कळ ओसरला. झुंज संपत आली, किंमत मात्र अजून द्यावी लागत आहे.

आणि ती किंमत कशी दिली जाते हें नीट समजून घेतलें पाहिजे. पिवळ्या उंदरांचा चौथा हिस्सा जन्मापूर्वींच नाहींसा होतो. मनुष्याचा चौथा हिस्सा जन्मास येतो, त्याचें बारसें होतें, त्यास नांव मिळतें. गर्भावस्थेंतील हिमोग्लोबिन पहिले कांहीं महिने त्यास सांभाळतें, म्हणून मूल धडधाकट दिसतें. पुढें तें हिमोग्लोबिन ओसरलें कीं हातापायांस सूज, ताप, कावीळ सुरू होते. असें मूल दगावलें, तर तें तापानें गेलें असें घरचे म्हणतात. कोणी देवीचा कोप मानतो, कोणी आईच्या पायगुणास बोल लावतो. वास्तविक तें जनुक जेवढें आईकडून आलेलें असतें तेवढेंच बापाकडूनही आलेलें असतें. दोघांपैकीं एकानेंच तें दिलें असतें तर मूल वाहक झालें असतें, रोगी झालें नसतें. परंतु गाय उलटली कीं गाईस दोष, आणि मूल गेलें कीं आईस दोष, ही रीत फार जुनी आहे. मागें राहिलेल्या भावंडांत दोन वाहक आणि एक मोकळें, हें दोनास एकचें प्रमाण कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. कारण तपासल्यावांचून तीं तिन्ही सारखींच निरोगी दिसतात.

तथापि उंदीर आणि मनुष्य ह्यांत एक मोठा भेद आहे. पिवळ्या उंदराच्या गर्भास वांचविण्याचा उपाय नाहीं. सिकलसेलच्या मुलास वांचविण्याचे उपाय आहेत, आणि ते फार महागही नाहींत. जन्मतांच रक्त तपासणें, लहानपणीं पेनिसिलिन व लसी देणें, भरपूर पाणी पाजणें, थंडीपासून जपणें, ताप येतांच दवाखान्यांत नेणें, आणि पुढें डॉक्टरांच्या देखरेखीखालीं हायड्रॉक्सियुरिया हें औषध देणें, एवढ्यानेंही पुष्कळ मुलें प्रौढपणीं पोंचतात. भारतांतील कित्येक रुग्णांत गर्भावस्थेंतील हिमोग्लोबिनाचें प्रमाण पुढेंही बरेंच राहतें. त्याचाही त्यांस आधार मिळतो. प्रमाण बिघडवितो तो मृत्यू. तो टळला कीं दोनास एकचा हिशेब पुन्हां एक, दोन, एक असा मेंडेलच्या मूळ पदावर येतो. जमातींत किती चौथीं मुलें जगलीं, हें पाहून त्या मुलखांतील दवाखाना, रस्ता व शाळा ह्यांची परीक्षा करतां येईल.

१ जुलै २०२३ रोजीं मध्य प्रदेशांतील शहडोल येथें राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेस आरंभ झाला. चाळीस वर्षांपर्यंतच्या सुमारें सात कोटी लोकांची तपासणी करणें आणि २०४७ सालापर्यंत हा रोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून उरूं न देणें, हें तिचें उद्दिष्ट आहे. तपासणीचा उपयोग मात्र तिचा अर्थ नीट समजला तरच होतो. वाहक हा रोगी नव्हे. त्याच्या कामांत किंवा आयुष्यांत सहसा उणेपणा येत नाहीं. वाहकाचा विवाह जनुक नसलेल्या व्यक्तीशीं झाला, तर सरासरीनें निम्मीं मुलें वाहक होतात, पण ह्या दुहेरी जनुकाचें मूल एकही होत नाहीं. दोघेही वाहक असतील, तर दर गर्भाच्या वेळीं चारांत एक असा धोका असतो. पहिलें मूल रोगी झालें, आतां पुढचीं तीन सुखरूप, असें समजणें चुकीचें आहे. प्रत्येक वेळीं चिठ्ठी नव्यानें उचलली जाते. चार मुलांच्या अशा शंभर कुटुंबांत सुमारें बत्तीस कुटुंबें अशीं निघतील कीं ज्यांत एकही मूल रोगी नाहीं. आणि कांहीं घरीं दोन किंवा तीनही रोगी निघतील. त्यांत कोणाचें पाप नाहीं, कोणाचें पुण्य नाहीं.

म्हणून सोयरीक ठरविण्यापूर्वीं दोन्हीकडील तरुणांनीं रक्त तपासून घ्यावें. ज्यांचा विवाह आधींच झाला आहे, त्यांनीं गर्भ राहतांच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पिंपळनेरच्या बाजारास डोंगरावरून उतरणाऱ्या एखाद्या बाईच्या कडेवर मूल असतें, मागून दोन चालत येतात. चौथें कोठें आहे, असें तिला कोणी विचारीत नाहीं. तिनें तें मनांतच ठेवलेलें असतें. नान्सीच्या पिंजऱ्यांत शास्त्रज्ञांस पडलेला तो प्रश्न तिच्या घरीं आतां वेळेवर विचारला गेला पाहिजे, म्हणजे तें चौथें मूलही तिच्याबरोबर बाजारास येईल.